ऐकीव पुरावा

साक्षीदारानं पिंजऱ्यात उभं राहून ‘मला अमका म्हणाला की...’ एवढं उच्चारलं, की समोरचा वकील खुर्ची मागे सारून उठतो. ऐकीव आहे, म्हणतो. न्यायाधीश मान हलवतात, लघुलेखकाची बोटं थांबतात आणि साक्षीदार बावरून इकडेतिकडे बघतो. आपलं काय चुकलं हे त्याला उमगत नाही. खेड्यातल्या माणसाचं निम्मं ज्ञान ऐकीवच असतं. आपण जन्मलो तेव्हा पाऊस किती होता, बांध आधी कुणी कोरला, आजा कशानं गेला, हे सगळं कुणीतरी सांगितलेलं. पण कोर्टात ते चालत नाही. तेव्हा ते 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 60. तालुक्याच्या कोर्टात उमेदवारी केली त्या वर्षांत माझ्या सीनियरनी हे कलम माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं.

त्या दिवसांतली एक म्हातारी आठवते. जमिनीचा दावा होता, ती समोरच्या बाजूची साक्षीदार. ‘मला शेजारीण म्हणाली’ असं तिनं सुरू केलं आणि मी ताडकन उठलो. हरकत मंजूर झाली. शेजारीण कुठं आहे विचारलं तर कधीच मुंबईला गेलेली, पत्ता नाही. म्हातारीनं पदर सावरला आणि न्यायाधीशांना नाही, मला विचारलं, “मग मला कशाला बोलिवलं हितं?” कोर्टात हशा पिकला. मीही हसलो. सीनियरनी संध्याकाळी चहा पाजला.

पुढं पुष्कळ वर्षांनी एका जुन्या पुस्तकाशी गाठ पडली आणि ती म्हातारी पुन्हा पिंजऱ्यात येऊन उभी राहिली. पुस्तक 1968 चं, हार्वर्ड विद्यापीठानं छापलेलं. विषय, चीनच्या लोकसत्ताक राज्यातली फौजदारी प्रक्रिया, 1949 ते 1963. लेखक जेरोम कोहेन. जाडजूड, कायदे-फतवे-अग्रलेख यांचे उतारे एकाला एक जोडलेलं. पण त्याचा जीव कागदपत्रांत नाही, तो आहे हाँगकाँगमध्ये पळून आलेल्या माणसांच्या जबान्यांत. म्हणजे आमच्या भाषेत ऐकीव. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोन-दोन न्यायमूर्तींचा मदतनीस राहिलेला माणूस आयुष्यातलं पहिलं मोठं पुस्तक अशा पायावर उभं करतो, याचं मला आधी नवल वाटलं आणि मग थोडी शरम.

कोहेन चीनकडे वळले तो दिवस ते स्वतः तारीखवेळेसकट सांगत. 15 ऑगस्ट 1960, सकाळी नऊ. आपल्याला त्या तारखेचा अर्थ वेगळा; त्यांच्या लेखी तो चिनी भाषेच्या पहिल्या धड्याचा मुहूर्त. वय नुकतंच तीस पूर्ण. येलमधून कायद्याची पदवी घेतलेली, तिथल्या विधी नियतकालिकाचे मुख्य संपादक झालेले, मग अर्ल वॉरन आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या न्यायमूर्तींच्या हाताखाली वर्ष-वर्ष काढलेलं, थोडी सरकारी वकिली आणि नंतर बर्कलीत प्राध्यापकी. असा माणूस सरळ रेषेत चालत राहिला असता तर म्हातारपणी कुठल्या तरी मोठ्या न्यायासनावर बसला असता. रॉकफेलर फाउंडेशन चार वर्षांचा खर्च द्यायला तयार होतं, अट एकच, चीनचा कायदा शिकायचा. अमेरिकेचे त्या देशाशी राजनैतिक संबंध नव्हते, अमेरिकन पासपोर्टवर तिथं पाऊल ठेवता येत नव्हतं. मित्रांनी वेड्यात काढलं. चीनमध्ये कायदा आहे कुठं, हाच पहिला प्रश्न. कन्फ्यूशियसनं म्हणे तिशीत पाय रोवले. कोहेनना ही गोष्ट फार आवडायची. चिनी नाव घेतानाही त्यांनी आडनाव घेतलं ते खोंग, म्हणजे कन्फ्यूशियसचंच.

प्रश्न मात्र खराच होता. कम्युनिस्टांनी 1949 मध्ये सत्ता हाती घेता घेताच जुने सगळे कायदे एका फटक्यात रद्द केले आणि नवी दंडसंहिता आणली ती तीस वर्षांनी, 1979 मध्ये. मधल्या काळात प्रतिक्रांतिकारकांसाठी एक कायदा, भ्रष्टाचारासाठी एक, असे तुकडे. माणसं पकडली जात होती, कोठडीत बसत होती, छावणीत दगड फोडत होती, गोळीही खात होती, आणि हे सगळं कुठल्या कलमाखाली ते दाखवायला पुस्तकच नव्हतं. मग शिकायचं कशावरून?

कोहेन 1963 मध्ये हाँगकाँगला जाऊन बसले. आदल्याच वर्षीच्या मे महिन्यात हजारो माणसं सीमा ओलांडून तिथं शिरली होती. मोठ्या दुष्काळातून तगलेली, हाडं वर आलेली. (त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं तेव्हा आपल्याकडे बायका देशासाठी अंगावरचे दागिने काढून देत होत्या, आणि चीन म्हटलं की आमच्या घरात एक चीनमध्ये रुग्णसेवा केलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस सोडले तर चांगलं कुणी काही बोलत नसे.) या माणसांना समोर बसवून कोहेन विचारत राहिले. तुमच्या गल्लीत भांडण झालं तर आधी कोण यायचं? पोलीस चौकीत काय विचारायचे? किती दिवस ठेवायचे? घरी निरोप द्यायचे का? कोर्ट कधी दिसलं? सांगणाऱ्यांत पोलीस खात्यात काम केलेला एक जणही होता. तो सापडणं म्हणजे अशा संशोधकाला लॉटरीच.

या जबान्यांतून जे उभं राहिलं त्यात कोर्ट फार शेवटी येतं. आधी गल्लीची समिती, मग चार लोकांसमोर चुकीचा पाढा, मग पोलिसांचा दम, मग श्रमातून पुनर्शिक्षण नावाची छावणी, जिथं पाठवायला न्यायाधीश लागतच नसे. पुढं ती पद्धत बंद व्हायला 2013 चा डिसेंबर उजाडला. कोर्टापर्यंत जे पोचत त्यांचा निकालही बहुधा आधीच ठरलेला. निकाल आधी आणि सुनावणी नंतर, असा शब्दप्रयोग चिनी वकीलच आपल्या भाषेत करतात. या साऱ्याला एक रीत होती. कोहेनचं मोठेपण मला इथं दिसतं. अंदाधुंदी आहे असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. रीत कशी आहे, ती 1954 साली कशी होती आणि 1957 नंतर कशी बदलली, हे त्यांनी पळून आलेल्या फाटक्या माणसांच्या तोंडून वेचून मांडलं. छापलेला कायदा नसतानाही लोक कायद्याखाली जगत होते, आणि त्याचं पाठ्यपुस्तक त्यांच्या अंगावर वळांच्या रूपात होतं.

त्या व्यवस्थेच्या मध्यभागी एक वस्तू आहे, कबुलीजबाब. कबूल करणाऱ्याला दया, अडणाऱ्याला जबर शिक्षा, ही घोषणा चीनमधल्या चौकशीच्या खोल्यांत भिंतींवर रंगवलेली असायची. लोकांनी तिची टरही उडवली. कबूल केलंत तर तुरुंगाचा तळ झिजेपर्यंत बसाल आणि नाही केलंत तर नववर्षाला घरी, अशा अर्थाची. आपल्याकडं पोलिसापुढचा कबुलीजबाब पुराव्यात घेता येत नाही. ब्रिटिशांनीच 1872 मध्ये, आपल्याच पोलिसांवर विश्वास नसल्यानं, तसं लिहून ठेवलं. (नवे फौजदारी कायदे 1 जुलै 2024 ला लागू झाले तेव्हा हे कलम आकडा बदलून जिवंत राहिलं. चीनची पहिली दंडसंहिता मंजूर झाली तीही 1 जुलैला, आणि कोहेन यांचा जन्मही 1 जुलैचा, 1930. योगायोगाला अर्थ नसतो, पण पंचनाम्यात नोंदवायला हरकत नाही.) म्हणून आपण फार शहाणे असंही नाही. कबुली पुराव्यात येत नाही, तरीही आपल्या कोठडीत ती घेतली जातेच, हे तालुका कोर्टात वर्षभर बसलेल्या कुणालाही माहीत असतं.

कोहेन यांच्या आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या प्रकरणात मात्र ही कबुलीची गोष्ट पुरती उलटी झाली.

जॅक डाउनी येलमध्ये त्यांच्याच वर्षाचा, 1951 चा. पदवी हातात पडली आणि तो सीआयएत गेला. नोव्हेंबर 1952 मध्ये मांचुरियावर रात्री त्याचं विमान पाडलं गेलं. वैमानिक मेले, डाउनी आणि रिचर्ड फेक्टो हा जोडीदार जिवंत पकडले गेले. डाउनीनं चौकशीत कबूल केलं की मी हेर आहे. चीननं 1954 मध्ये त्याला जन्मठेप दिली, फेक्टोला वीस वर्षं. अमेरिकेचं सरकार काय सांगत होतं? ही साधी मुलकी माणसं, कोरियाहून जपानला जाणाऱ्या विमानात होती, वाट चुकली. एका बाजूला कम्युनिस्टांच्या कोठडीतली कबुली आणि दुसऱ्या बाजूला लोकशाही सरकारचं जाहीर म्हणणं. कुठलाही वकील डोळे मिटून दुसऱ्यावर विश्वास ठेवील. आणि खरी होती कबुली.

चिनी शिक्षेचा हिशेब कसा चालतो हे अभ्यासलेल्या माणसाला इथली गाठ दिसली. तिथं कबूल करणाऱ्याला सवलत असते. पण इथं आरोपीनं कबूल केलं होतं, त्याच्या मालकानं नव्हतं. कोहेन यांनी 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून उघड विचारलं की आमच्या वर्गाच्या पंचविसाव्या वर्षाच्या मेळाव्याला जॅक येणार का. खरं सांगा, म्हणजे तो सुटेल, असं ते स्वतःच्या सरकारला सांगत होते. फेक्टो त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुटला. मग 31 जानेवारी 1973 ला पत्रकार परिषदेत राष्ट्राध्यक्ष निक्सननी डाउनी सीआयएचा असल्याचं मान्य केलं. पुढं डाउनीच्या आईला पक्षाघात झाला. 12 मार्चला तो हाँगकाँगच्या पुलावरून चालत बाहेर आला. वीस वर्षं, तीन महिने आणि वर काही दिवस. त्यानंतर त्यानं काय करावं? हार्वर्डला कायदा शिकायला गेला. चीनमध्ये जन्मलेल्या मुलीशी लग्न केलं आणि कनेक्टिकटमध्ये न्यायाधीश झाला. लहान मुलांचे खटले चालवायचा.

1973 च्याच ऑगस्टमध्ये टोकियोच्या हॉटेलातून दक्षिण कोरियाच्या विरोधी पक्षाचे नेते किम दे-जुंग यांना त्यांच्याच देशाच्या गुप्तहेरांनी उचललं. समुद्रात बुडवायच्या तयारीनं बोटीत बांधून ठेवलं होतं. कोहेन यांना बातमी कळताच त्यांनी निक्सनचे सल्लागार किसिंजर यांना, म्हणजे हार्वर्डमधल्या जुन्या सहकाऱ्याला, फोन लावला. पाच दिवसांनी किम सोलमध्ये घराजवळ सोडलेले सापडले. एका फोननं जीव वाचतो असं म्हणणं भाबडं होईल. त्या दिवशी बरेच फोन झाले असणार. पण फोन कुणाला करायचा हे माहीत असणं आणि तो लगेच करणं, हेही विद्वत्तेतच मोडतं असं मला आता वाटतं. किम 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

तैवानचीही अशीच एक गोष्ट आहे. ॲनेट लू कोहेन यांची हार्वर्डमधली विद्यार्थिनी, 1979 च्या निदर्शनांनंतर बारा वर्षांची शिक्षा. कोहेन 1985 मध्ये तुरुंगात भेटायला गेले ते दुसऱ्या एका माजी विद्यार्थ्याला, मा यिंग-जिउला, बरोबर घेऊन. मा तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत होते. थोड्याच दिवसांत लू सुटल्या. पुढं त्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या आणि मा राष्ट्राध्यक्ष, दोघं परस्परविरोधी पक्षांतून. मास्तरांनी कुणाची बाजू घ्यायची?

मधली काही वर्षं मला खटकतात. चीननं दारं उघडली तशी 1979 मध्ये कोहेन बीजिंगला गेले, अधिकाऱ्यांना करारांचा कायदा शिकवला, आणि परदेशी कंपन्यांची वकिली केली. छावण्यांची रीत ज्यानं लिहून ठेवली तोच माणूस आता नफ्याच्या वाटणीची कलमं तपासत होता. कायदा असा व्यापाराच्या मागून हळूहळू झिरपतो, ही त्या काळातल्या पुष्कळांची आशा होती, आणि ती अगदीच खोटी ठरली असंही नाही. दंडसंहिता आली. तिच्यात एक कलम मात्र असं होतं की कृत्य गुन्ह्यात बसत नसेल तर जवळच्या गुन्ह्याचं कलम ओढून लावा. ते कलम आणि ‘प्रतिक्रांती’ हा गुन्हा दोन्ही 1997 मध्ये काढले गेले. एवढ्यासाठी वाट पाहावी लागते आणि वाट पाहताना पोटही भरावं लागतं, असं मी स्वतःची समजूत घालतो. 1990 मध्ये, तियानआनमेनच्या गोळीबाराला वर्ष होत असताना, ते न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवायला आले आणि पुन्हा जुन्या प्रश्नाकडे वळले. बो-टाय, मिशा आणि तोच प्रश्न. घरी निरोप दिला का?

मग 2003 मध्ये त्यांना चेन ग्वांगचेंग भेटला. शांदोंग प्रांतातल्या दोंगशिगू गावचा, तान्हेपणीच दृष्टी गेलेला. चीनमध्ये आंधळ्यानं शिकायचं ते मालिश आणि सुया टोचण्याचं शास्त्र; चेनही नानजिंगला तेच शिकला आणि फावल्या वेळात कायद्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. घरी बायकोनं, भावांनी कायद्याची पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि यानं ऐकायची. वकिलीची सनद नाही, पदवी नाही. आसपासच्या खेड्यांतले अपंग, कर लादले गेलेले शेतकरी त्याच्या ओट्यावर येऊन बसत. कोहेन त्याच्या गावी जाऊन राहिले, त्या माणसांशी बोलले. हाँगकाँगमध्ये जो कानांनी कायदा शिकला तो म्हातारा आणि कानांनीच कायदा शिकलेला हा आंधळा पोरगा एका अंगणात बसलेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्याकडं मुळात वेद ऐकूनच शिकायचे असत, त्यांना श्रुतीच म्हणत. पण श्रुती ऐकायचा हक्क कुणाला होता हेही आपल्याला ठाऊक आहे.

चेननं 2005 मध्ये लिनयी भागातल्या बायकांच्या जबान्या गोळा केल्या, सक्तीच्या गर्भपातांच्या आणि नसबंदीच्या. पुन्हा ऐकीव पुरावा. त्याला घरात कोंडून बाहेर पहारा बसवला, आणि मग 2006 मध्ये मालमत्तेची नासधूस आणि जमाव जमवून रहदारी अडवणं या गुन्ह्यांखाली चार वर्षं तीन महिने. पहाऱ्यातल्या आंधळ्यानं रहदारी अडवली! त्याचे स्वतःचे वकील सुनावणीआधीच अडवले गेले. शिक्षा भोगून तो 2010 मध्ये सुटला तो पुन्हा घरातच कोंडायला, आता तर कुठलं कलमही लावलेलं नाही. त्यानं पहारेकऱ्यांच्या हालचाली कानांनी टिपल्या. 22 एप्रिल 2012 च्या रात्री भिंतीवरून उडी मारली, पाय मोडला, पडतधडपडत शेजारचं गाव गाठलं आणि काही दिवसांनी बीजिंगच्या अमेरिकन वकिलातीत पोचला. तिथून त्याला सल्ला हवा होता. न्यूयॉर्कला फोन लागला. एक्याऐंशी वर्षांचे कोहेन पलीकडे होते. राहायचं की जायचं, कशावर विसंबायचं, हे त्या फोनांवर ठरत गेलं. मे महिन्यात चेन बायकामुलांसह न्यूयॉर्क विद्यापीठात आला.

गोष्ट इथं थांबवली तर गोड होईल, पण तशी ती थांबली नाही. वर्षभरात चेननं आरोप केला की चीनच्या दबावामुळं विद्यापीठ मला बाहेर काढतंय. विद्यापीठानं नाकारलं, कोहेन यांनीही त्यात तथ्य नाही म्हटलं. दोन्ही माणसं आपापल्या जागी दुखावली. सुटका करणं आणि त्यानंतर जुळवून घेणं यांची कलमं वेगळी असतात.

शी जिनपिंग यांच्या काळात कोहेन यांचं लिखाण अधिक कडू होत गेलं, तेही म्हातारपणी जेव्हा माणसं मवाळ होतात. 9 जुलै 2015 पासून चीननं आपल्याच वकिलांना उचलायला सुरुवात केली, सुमारे 300 जणांना बोलावलं, धरलं, दमात घेतलं. ‘ठरवून दिलेल्या जागी निवासी देखरेख’ असं एक गोंडस नाव तिथल्या फौजदारी प्रक्रियेत आहे. त्याखाली सहा महिने माणूस कुठं ठेवलाय ते घरच्यांना न सांगता ठेवता येतो. ‘भांडण उकरून गोंधळ माजवणं’ असा गुन्हा आहे, त्यात काय बसत नाही ते शोधावं लागतं. कोर्टात गेलेल्या हजारात एकही निर्दोष सुटत नाही. साठ वर्षं ज्या विषयाला दिली त्याची ही अवस्था. मी असतो तर कंटाळलो असतो. कोहेन मात्र नव्वदी गाठेपर्यंत शिकवत राहिले, त्यानंतरही उचललेल्या माणसांची नावं घेत, तो कुठं आहे, त्याला वकील मिळाला का, घरच्यांना कळवलं का, असं जाहीर विचारत राहिले. उत्तर येत नसे. हाँगकाँगच्या खोलीत सुरू केलेली उलटतपासणीच ती, फक्त साक्षीदार समोर येत नव्हता.

सप्टेंबर 2025 मध्ये ते गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र निघालं होतं.

मी आता कोर्टात जात नाही. मध्यंतरी जुने कागद आवरताना त्या जमिनीच्या दाव्याची प्रत हाती लागली. निकाल आमच्या बाजूचा. म्हातारीची जबानी अर्ध्या पानात संपते, मी हरकत घेतली तिथं. शेजारीण तिला काय म्हणाली होती, ते मी तिला कधी विचारलं नाही.